विकर-संघटन, ताणावस्थेतील

पेशीतील रासायनिक विक्रियांना गती देणारी प्रथिने, म्हणजेच विकरे किंवा एंझाइमे, उपासमार, प्राणवायूची तूट अथवा अतिरिक्त उष्णता अशा आपत्तीत परस्परांशी जुळून तंतूंचे वा पुंजक्यांचे रूप धारण करतात, त्या प्रक्रियेस ही संज्ञा आहे.

यीस्टची पेशी या बाबतीत विशेष उद्बोधक आहे. भोवतालचे ग्लुकोज संपले की पेशीतील ऊर्जा ओसरते. पेशीपटलावरील जो पंप एटीपी हा ऊर्जावाहक रेणू खर्चून प्रोटॉन बाहेर टाकण्याच्या कामी अहोरात्र तैनात असतो, तो मंदावतो. परिणामी, एरवी सातच्या किंचित वर राहणारा पेशीद्रवाचा पीएच, माध्यम अम्लधर्मी असल्यास, सहाच्या आसपास उतरतो, आणि या अम्लतेमुळेच, अन्य कोणा हुकमाची वाट न पाहता, ग्लुटामीन सिंथेटेज या विकराच्या दहा-दहा उपघटकांच्या जुळण्या एकीवर एक रचल्या जाऊन तंतू तयार होतात. तंतूतील विकर निष्क्रिय असले तरी शाबूत असते. ग्लुकोज पुन्हा मिळून पीएच सावरला की तंतू विरघळतात आणि तीच विकरे कामावर रुजू होतात. उपासमारीत नवी प्रथिने घडविण्याचा खर्च परवडणारा नसल्याने ही तजवीज काटकसरीचीच म्हटली पाहिजे.

परंतु एवढ्यावरून तंतू म्हणजे निव्वळ कोठार होय असे ठरविणे उतावीळपणाचे होईल. २०१० साली फळमाशी, जिवाणू व यीस्ट यांच्यात ज्याचे तंतू निरनिराळ्या संशोधकांना स्वतंत्रपणे आढळले, ते सीटीपी सिंथेज ई. कोलाय जिवाणूत सीटीपी हे त्याचेच उत्पादन साठल्यावर तंतुरूप होऊन थंडावते, तर त्याचाच एक मानवी प्रकार तंतूत अधिक जोमाने काम करतो. कॉलोबॅक्टर जिवाणूच्या शरीराला बाक किती असावा, यातही हा तंतू हात घालतो, हे विकराच्या नेमून दिलेल्या कामापलीकडचेच!

तंतूंखेरीज पुंजक्यांचेही उदाहरण आहे. प्युरिनांची, म्हणजे डीएनए-आरएनएच्या घटकद्रव्यांची, वाण पडलेल्या मानवी पेशींत प्युरीननिर्मितीच्या दहा पायऱ्या पार पाडणारी सहा विकरे एकत्र पुंजकतात, असे अमेरिकेतील स्टीफन बेंकोव्हिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखविले. पुढे या पुंजक्यांविषयी शंकाही घेतल्या गेल्या, त्या अनाठायी नव्हेत. कारण विकराला चकाकणारे प्रथिन जोडल्याने किंवा त्याची निर्मिती बेसुमार वाढविल्यानेही गुठळ्या होऊ शकतात. म्हणून सूक्ष्मदर्शकातील ठिपका पुरावा म्हणून दाखल करून घेण्यापूर्वी, अशी जोडणी नसलेले मूळ विकर प्रतिपिंडांच्या साहाय्याने तपासणे आणि विक्रियेचा वेग प्रत्यक्ष मोजणे आवश्यक ठरते.