तरंगमबाडीचे नवे जेरुसलेम

तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील तरंगमबाडी हे लहानसे गाव १६२० साली तंजावरच्या रघुनाथ नायकाकडून डेन्मार्कच्या व्यापाऱ्यांना मिळाले. पुढे तंजावरची गादी भोसल्यांकडे आली, तरी गावावर डॅनिश निशाण कायम राहिले. डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक याने धाडलेले त्सीगेनबाल्ग व प्ल्यूत्शाउ हे जर्मन धर्मोपदेशक ९ जुलै १७०६ रोजी येथे उतरले. भारतातील संघटित प्रॉटेस्टंट मिशनकार्याचा आरंभ तो हाच.

युरोपियनांसाठी गावात झायन हे चर्च होते. तमिळ ख्रिस्ती मंडळीसाठी १७०७ मध्ये निराळे प्रार्थनामंदिर उभे राहिले. ते अपुरे पडू लागल्यावर १७१७ मध्ये नव्या वास्तूचा पाया घातला गेला आणि ११ ऑक्टोबर १७१८ रोजी तिचा अर्पणविधी झाला. ‘न्यू जेरुसलेम’ हे तिचे नाव. वास्तूची आखणी क्रुसाच्या आकाराची असून दर्शनी भिंतीवर फ्रेडरिकचे मुकुटांकित राजचिन्ह आहे. अर्पणविधीनंतर अवघ्या चार महिन्यांनी, वयाच्या ३६ व्या वर्षी, त्सीगेनबाल्ग निवर्तला. त्याची समाधी याच चर्चमध्ये आहे.

एका छपराखाली सारे आले. जात मात्र उंबऱ्याबाहेर राहिली नाही. मंडळीत जातवार निराळे बसणे चालू राहिले आणि धर्मोपदेशकांनी ते चालवून घेतले. २८ डिसेंबर १७३३ रोजी आरोन या वेल्लाळाला पाळकपदाची दीक्षा मिळाली. भारतीयाला असे पद देणारी ही पहिली प्रॉटेस्टंट मंडळी. परंतु तंजावरच्या मराठा सैन्यात चाकरी केलेला, पुढे उपदेशक म्हणून नावाजलेला राजनायक्कन परैयर जातीचा होता. १७४१ मध्ये दुसरा पाळक निवडताना त्याला डावलून दिओगोला दीक्षा देण्यात आली. परैयराच्या हातून प्रभुभोजन घेण्यास वरच्या जाती तयार होणार नाहीत, हे भय त्यामागे होते.

१७५० मध्ये तरंगमबाडीस आलेला श्वार्ट्झ पुढे तंजावरास स्थिरावला. दुसऱ्या सरफोजीराजांचा तो गुरू व हितचिंतक. राजांनी त्याच्या स्मरणार्थ फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारक घडवून घेतले. या मिशनचा मराठी इतिहासाशी जुळलेला धागा तो असा.

१८४५ मध्ये डेन्मार्कने गाव इंग्रजांस विकले. राजचिन्ह भिंतीवर राहिले, राजसत्ता गेली. वास्तू मात्र तमिळ मंडळीची झाली. तमिळ इव्हँजेलिकल लुथरन चर्चच्या आधिपत्याखाली तेथे आजही तमिळमध्ये उपासना होते. आरोनचा मान सांगताना राजनायक्कनला नाकारलेले पदही सांगावे लागते. त्यावाचून या वास्तूचा इतिहास पुरा होत नाही.