ठसा आणि टाका : एका वस्त्रावरचे दोन हात

ठशांनी कापड छापणे आणि सुईने त्यावर भरतकाम करणे या दोन कला भारतात शतकानुशतके शेजारी नांदल्या; परंतु एकाच वस्त्रावर समान मानाने त्या क्वचितच एकत्र आल्या. एकीने दुसरीची चाकरी करावी, असाच बहुधा रिवाज. लखनौच्या चिकनकामात ठसे असतातच. पण छापणारा नीळ आणि डिंकाच्या कच्च्या रंगाने नक्षी उमटवतो, कारागीर स्त्री त्या रेघांवरून टाके घालते आणि शेवटी धोबी ती छपाई धुऊन काढतो. छपाई केली जाते ती पुसण्यासाठीच! जपानच्या शिबोरीत शिवणीचा एक प्रकार आहे, त्यात हीच गत टाक्याची होते. कापडावर धावदोरा घालून तो आवळतात, कापड रंगात बुडवतात आणि मग दोरा उसवून टाकतात. मागे राहते ती दोऱ्याने रंग अडवला त्याची पांढरी खूण.

आजच्या वस्त्रकलावंतांना मात्र दोन्ही टिकून हवे आहेत. त्यासाठी आधी कापडाच्या पोटात काय घडते ते समजून घ्यावे लागते, आणि त्याचा उत्तम धडा कच्छच्या अजरखमध्ये मिळतो. अजरखमध्ये रंग ठशाने लावला जात नाही. ठशाने लावली जाते ती रंग धरण्याची किंवा नाकारण्याची शक्ती. कापड प्रथम सोडा व एरंडेल तेलात मुरवून धुतात, मग हरड्याच्या पाण्यात बुडवून वाळवतात. चुना आणि डिंक यांचा लेप जिथे छापला, तिथे पांढरी रेघ राहते. गंजलेले लोखंड गुळाच्या पाण्यात आंबवून केलेले द्रावण हरड्याशी मिळाले की काळा रंग उमटतो. तुरटी छापलेली जागा मंजिष्ठेच्या किंवा अलिझरिनच्या उकळत्या भांड्यात लाल होते. निळीच्या कुंडातील बुडी वेगळीच. धुणे आणि उन्हात वाळवणे सतत चालू असते, त्यामुळे एक कापड पुरे व्हायला कित्येक दिवस लागतात. पारंपरिक उत्कृष्ट अजरख दोन्ही बाजूंनी, ठशावर ठसा बरोबर जुळवून छापलेला असतो.

प्रयोग करणाऱ्याची खरी परीक्षा इथेच असते. अशा दुबाजू कापडावर साधा भरीव टाका घातला, तर मागच्या बाजूला दोऱ्यांचे जंजाळ होते आणि छापणाऱ्याची निम्मी मेहनत झाकली जाते. दोन्हीकडून सारखाच दिसणारा टाका त्याला शोभतो. बंगालच्या कांथ्यातला, आणि आपल्या गोधडीतलाही, धावदोरा असाच आहे. इरकली साडीमुळे दक्षिण महाराष्ट्राला परिचित असलेल्या कर्नाटकी कशिद्यातील ‘गवंती’ टाकाही दोन्ही बाजूंना एकच दिसतो. दुसरी गोष्ट अशी, की ठसा पुनरावृत्ती करतो, सुई करत नाही. म्हणून संपूर्ण नक्षीची बाह्यरेषा टाक्यांनी गिरवण्याऐवजी एखाद्याच चौकटीत ती मोडणे अधिक परिणामकारक ठरते. छापील बुट्ट्यांवर सरसकट आरसे आणि जरी लावलेले कपडे बाजारात पुष्कळ दिसतात; त्यांत दोन्ही कलांची शोभा जाते, असे आमचे मत आहे.

याहून रंजक प्रयोग म्हणजे टाका आधी आणि रंग मागाहून. सुती दोरा हरडा व तुरटीच्या पाण्यात मुरवून वाळवावा, हलका खळबळून घ्यावा आणि त्याने कोऱ्या सुती कापडावर भरतकाम करावे. ते कापड मंजिष्ठेत उकळले, की टाके लाल होतात आणि जमीन फिकट गुलाबी राहते. जणू सुईनेच छपाई केली! मात्र सुटी तुरटी धुतली गेली नसेल तर ती शेजारी उतरते आणि टाक्याभोवती लालसर डाग पसरतो. पॉलिएस्टरचा दोरा वनस्पतिज रंग घेतच नाही. तोही जाणीवपूर्वक वापरता येतो. रेशीम आणि लोकर यांना चुना व सोडा सोसत नाही, हे विसरू नये. कापड आधी धुऊन आटवून घेतले नाही, तर पहिल्याच धुण्यात टाक्यांच्या आसपास चुण्या पडतात.

पाणी हा तर या कलेचा प्राणच. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात धमडका हे अजरखकारांचे गाव उद्ध्वस्त झाले आणि तेथील पाण्यात लोहाचे प्रमाण वाढले. लोह म्हणजे काळा रंग. अशा पाण्यात स्वच्छ लाल रंग कसा मिळावा? अनेक खत्री कुटुंबांनी भुजच्या पूर्वेला नवे गाव वसवले, तेच अजरखपूर. योगायोग असा, की कच्छी भरतकामाचे मोठे संग्रहालयही याच गावात २०१६ मध्ये उभे राहिले. चंदाबेन श्रॉफ यांनी १९६९ च्या दुष्काळात स्त्रियांना भरतकामातून रोजगार देण्यासाठी जे काम सुरू केले, त्या ‘श्रुजन’चे ते फळ.

कच्छमध्ये छापणारे बहुतेक पुरुष असतात आणि टाके घालणाऱ्या बहुतेक स्त्रिया. वस्त्रावर नाव येते ते बहुधा तिसऱ्याच, शहरातल्या डिझायनरचे. ज्यूडी फ्रेटर यांनी २००५ मध्ये सुरू केलेले कला रक्षा विद्यालय आणि पुढे २०१४ मध्ये स्थापन झालेले सोमय्या कला विद्या येथे कारागिरांनाच रचनेचे शिक्षण देण्यात आले, ते याच कारणाने. छपाईचा भाव मीटरवर ठरतो, भरतकामाचा मात्र तासांवर ठरायला हवा. वीतभर दाट भरतकामालाही कित्येक तास लागतात. दोन्ही एकत्र असलेले वस्त्र विकत घेताना ते उलटून मागची बाजू पाहावी, आणि टाके कोणी घातले हेही विक्रेत्याला विचारावे.