राजधानी सोडून बेटावर

शहराचा गजबजाट सोडून एखाद्या लहानशा बेटावर जावें, चार झाडें लावावीं आणि आयुष्याचा डाव नव्यानें मांडावा, असा विचार शहरांत राहणाऱ्या पुष्कळ सुशिक्षितांच्या मनांत केव्हां ना केव्हां येऊन जातो. ही कल्पना पाश्चात्त्य कादंबऱ्यांतून इकडे आली, असाही अनेकांचा समज असतो. परंतु उत्तर कोंकणच्या इतिहासाचीं पानें चाळलीं म्हणजे असें दिसून येतें कीं, हा प्रयोग महाराष्ट्रांत शतकांमागेंच होऊन गेला. तो एखाद्या हौशी गृहस्थानें केला नाहीं. कुळेंच्या कुळें त्यांत सामील झालीं होतीं. आणि त्याच्या खुणा आगाशीसारख्या गांवच्या वाड्यांतून अद्यापि पाहावयास मिळतात.

आगाशी हें गांव विरार स्टेशनच्या पश्चिमेस, समुद्राच्या बाजूस आहे. आज विरारला उतरून मोटारीनें तेथें जाणाऱ्या मनुष्यास आपण एका बेटावर आलों आहों, अशी शंकासुद्धां येत नाहीं. पण जुन्या सरकारी ग्याझेटियरांत ह्या प्रदेशास वसईचें बेट असेंच म्हटलेलें आहे. उत्तरेस वैतरणेचें मुख, दक्षिणेस वसईची खाडी, पश्चिमेस समुद्र, आणि पूर्वेस ह्या दोन खाड्यांना जोडणारा एक अरुंद फांटा. अशा चतुःसीमांत हा हिरवा पट्टा वसलेला होता. तो फांटा गाळानें भरत गेला आणि बेटाचें बेटपण लोक विसरले. आगाशीच्या वायव्येस वैतरणेच्या मुखाशीं असलेल्या अर्नाळ्यानें मात्र आपलें बेटपण अद्यापि राखलें आहे.

ह्या किनाऱ्यावर वस्ती कशी झाली, हें सांगणारा एक जुना ग्रंथ मराठींत आहे. त्याचें नांव 'महिकावतीची बखर'. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ह्यांनीं ती १९२४ सालीं संपादून प्रसिद्ध केली. बखरीचें लेखन निरनिराळ्या काळीं झालें असून तिचा महत्त्वाचा भाग केशवाचार्य नांवाच्या लेखकानें शके १३७० म्हणजे सन १४४८ च्या सुमारास लिहिला. तींत दोन हकीकती येतात. एकीप्रमाणें शके १०६० मध्यें प्रतापबिंब नांवाचा राजा किनाऱ्यावर उतरला व त्यानें ओसाड मुलखांत पैठण व चांपानेर येथील सहासष्ट कुळें आणून वसविलीं. दुसरी हकीकत देवगिरीच्या बिंबाची आहे. १२९६ सालीं अल्लाउद्दीन खिलजीची धाड देवगिरीवर आली. यादवांची ती वैभवशाली राजधानी लुटली गेली. आणि रामदेवरावाचा पुत्र म्हणून परंपरेनें ओळखला जाणारा बिंबदेव घाट उतरून माहीमच्या बेटावर आला, असें ही हकीकत सांगते. ह्या दोहोंचा मेळ कसा घालावा, ह्याविषयीं संशोधकांचें एकमत नाहीं. तथापि सोमवंशी क्षत्रिय, पाठारे प्रभु, यजुर्वेदी ब्राह्मण इत्यादि अनेक ज्ञाती आपली किनाऱ्यावरील परंपरा बिंबराजापाशींच नेऊन पोंचवितात. घाटावरच्या थोर नगरांतून लहान बेटांवर येऊन आपल्या पूर्वजांनीं नवा संसार थाटला, ही स्मृति त्यांनीं जिवापाड जपली आहे.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवली पाहिजे. हीं बेटें निर्मनुष्य नव्हतीं. कोळी तेथें आधींपासून मासेमारी करून राहत होते. शिवाय वसईच्या बेटाजवळील सोपारें हें तर अशोकाच्या काळचें प्रख्यात बंदर. तेथें सम्राटाच्या आज्ञालेखाचा तुकडा सांपडला असून १८८२ सालीं भगवानलाल इंद्रजी ह्यांनीं तेथील स्तूप उकरून काढला. म्हणजे नवीन वस्ती करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर गतवैभव नगराचें एक उदाहरण आधींच उभें होतें.

राजधानींतून येणाऱ्या मनुष्याजवळ काय असतें? कुलाभिमान असतो, अधिकाराची संवय असते, दरबारी रीत असते. बेटाला ह्यांपैकीं कशाचीच गरज नसते. बेटावर पहिला प्रश्न पाण्याचा. किनाऱ्याच्या वाळूंत पावसाचें गोडें पाणी मुरतें आणि तें हलकें असल्यामुळें खालच्या खाऱ्या पाण्यावर थरासारखें तरंगत राहतें. हा थर बेताबेतानें वापरला तर बारमाही पुरतो. हांवरेपणानें उपसला तर खालचें खारें पाणी वर चढतें आणि विहीर कायमची नासते. हें शास्त्र येथील शेतकऱ्यानें पुस्तकांतून शिकून घेतलें नाहीं, तें त्यानें जमिनीपासून घेतलें. वसईच्या पट्ट्यांत ठिकठिकाणीं दिसणारीं बावखलें हें त्या ज्ञानाचें फळ होय. बावखल म्हणजे वाडींत खणलेलें लहानसें तळें. खणून निघालेल्या मातीनें वाडीची जमीन उंच करावयाची, आणि खड्ड्यांत सांठलेलें पावसाचें पाणी आसपासच्या विहिरींस पोंचवावयाचें, अशी ही दुहेरी योजना. त्यावर रहाट बसवावा, बैलानें तो फिरवावा, आणि पाटानें पाणी झाडांच्या मुळाशीं न्यावें. बैलाच्या चालीनें चालणारा रहाट फार उपसा करूं शकत नाहीं. त्याची संथ गति हेंच पाण्याचें संरक्षण होतें.

अशा वाड्यांतून केळी, नारळी, पोफळी, पानवेली आणि फुलझाडें उभीं राहिलीं. वाडी करणारे ते वाडवळ, असें त्यांचें नांवच धंद्यावरून पडलें. राजेळी केळीं सोलून, उन्हांत वाळवून केलेलीं आगाशीचीं सुकेळीं एके काळीं घरोघर कौतुकानें खाल्लीं जात. ज्यांच्या पूर्वजांच्या कुळकथेंत तलवारी व राजवंश ह्यांचाच बडिवार, त्यांच्या वंशजांची कीर्ति अखेर एका वाळविलेल्या केळ्यानें व्हावी, ह्यांत हसण्यासारखें कांहीं नाहीं. उलट त्यांच्या स्थलांतराचें सार्थक झालें, तें त्यांतच झालें.

कारण बिंबराजाचें राज्य फार टिकलें नाहीं. बखरीप्रमाणें १३४८ च्या सुमारास निका मलिक नांवाच्या सरदारानें तें बुडविलें. पुढें गुजराथचे सुलतान आले. आगाशी त्या काळीं इमारती लाकूड व जहाजबांधणी ह्यांकरितां नांवाजलेली होती. सोळाव्या शतकांत, १५३०–३१ च्या सुमारास, पोर्तुगीजांनीं ती लुटून जाळली. १५३४ च्या तहानें वसई त्यांच्या ताब्यांत आली आणि कोटाच्या आंत दगडी वाडे, मठ व देवळें ह्यांचें एक संपन्न नगर उभें राहिलें. १७३७ सालीं मराठ्यांनीं अर्नाळा घेतला. १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी अप्पांनीं वसई जिंकली. आणि त्या नगराचे धनी गलबतांत बसून निघून गेले. आज कोटांत भिंती उभ्या आहेत, छपरें नाहींत. राज्यें चार आलीं आणि चार गेलीं; वाड्या मात्र राहिल्या. वाडीवाल्यांपैकीं कित्येक कुटुंबांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला, कित्येक हिंदूच राहिलीं. पण रहाट, बावखल आणि केळीचें बन हीं दोघांचीं सारखींच होतीं. कादोडी व वाडवळी ह्या तेथील बोलीही ह्याच वाड्यांच्या आश्रयानें जगल्या.

ह्या इतिहासाशेजारीं दुसरें एक उदाहरण ठेवून पाहण्यासारखें आहे. सतराव्या शतकांत सुरत हें पश्चिम किनाऱ्यावरील मोठें शहर, आणि मुंबई हीं सात लहान बेटें. १६६८ सालीं तीं वर्षाला अवघ्या दहा पौंडांच्या खंडानें ईस्ट इंडिया कंपनीस मिळालीं. गव्हर्नर जेराल्ड आंजियर ह्यानें व्यापाऱ्यांना व कारागिरांना तेथें येण्यास उत्तेजन दिलें. पुढें सुरतेचे जहाजबांधणीचे कसबी लवजी नसरवानजी वाडिया हेही तेथें आले. त्यांनींही मोठें शहर सोडून लहान बेटावर नवा डाव मांडला, आणि तो इतका यशस्वी झाला कीं, खाड्या भरल्या गेल्या, सात बेटांचें एक बेट झालें आणि बेटाचेंच महानगर बनलें. एकाच किनाऱ्यावरचे हे दोन प्रयोग. आगाशीस आलेल्यांनीं बेटाच्या मापानें आपला संसार बेतला. मुंबईस आलेल्यांनीं आपल्या संसाराच्या मापानें बेट वाढविलें. दुसऱ्या प्रयोगानें देशाला संपत्ति दिली, हें कोणीही नाकारणार नाहीं.

पण महानगराची भूक त्याच्या किनाऱ्यापाशीं थांबत नसते. १८६७ च्या एप्रिलमध्यें विरारपासून मुंबईपर्यंत पहिली लोकल गाडी धांवली. आगाशीचा भाजीपाला व फुलें तिनें मुंबईस नेलीं. आणि पुढें त्याच रुळांवरून मुंबई वसईकडे येऊं लागली. १९८० नंतर इमारती वाढल्या; विहिरींना पंप बसले; वाड्यांतील गोडें पाणी टँकर भरभरून बांधकामांवर जाऊं लागलें, आणि किनाऱ्याच्या विहिरी खाऱ्या होऊं लागल्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांच्या पुढाकारानें 'हरित वसई'ची चळवळ उभी राहिली, ती ह्याच दुःखांतून. २००९ सालीं वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. ज्यांचे पूर्वज नगर सोडून बेटावर आले, त्यांच्या दाराशीं नगरच चालून आलें आहे.

ह्यांत नव्या रहिवाशांस दोष देऊन चालणार नाहीं. मुंबईंत घर परवडत नाहीं म्हणून जो विरारला येतो, तोही एका मोठ्या शहराबाहेर नवा संसारच मांडीत असतो. देवगिरीहून निघालेल्या कुटुंबापेक्षां त्याची निकड कमी नसते. प्रश्न एवढाच आहे कीं, येथें आल्यावर त्यानें शहराचें माप येथें आणावें, कीं बेटाचें माप शिकून घ्यावें. पूर्वीं आलेल्यांना तें शिकण्यावांचून गत्यंतर नव्हतें. कारण पाणी दुसरीकडून आणण्याची सोय नव्हती. आज नळानें दूरच्या धरणाचें पाणी येतें, म्हणून पायाखालच्या पाण्याची किंमत वाटेनाशी झाली आहे. बावखल बुजवून त्यावर इमारत बांधली कीं जागेचा लाभ लगेच दिसतो. खारावलेली विहीर कांहीं वर्षांनीं दिसते.

देवगिरीचा दरबार गेला, वसईच्या कोटांतील वाडे गेले. ज्यांनीं पाण्याचें माप ओळखलें, त्यांच्या वाड्या सात शतकें हिरव्या राहिल्या. आगाशीस जीं बावखलें अजून भरलेलीं आहेत, तीं भरलेलीं ठेवणें हें त्या पूर्वजांच्या कुळकथा सांगण्यापेक्षां अधिक मोलाचें काम होय.