उशी, कंदील आणि ताबूत : मोरिस्कोंच्या घरातील वस्तूंचा इतिहास

इतिहास म्हटला की आमच्या डोळ्यांपुढे राजे, लढाया आणि तहनामे उभे राहतात. स्पेनमधील मुसलमानांच्या इतिहासाचेही तसेच झाले आहे. वअज असो वा उर्दू शायरी, अंदलुस येतो तो कुर्तुब्याची मस्जिद आणि ग्रानाद्याचा अल्हम्रा घेऊन. २ जानेवारी १४९२ रोजी ग्रानादा ख्रिस्ती राजा-राणीच्या ताब्यात गेले, इथे आम्ही सुस्कारा टाकतो आणि पुस्तक मिटतो. पण गेला तो सुलतान. विणकर, कुंभार, माळी, दाया, शेतकरी हे सारे मागेच राहिले होते. त्यांच्या चुलीचे, अंथरुणाचे, कपड्यांचे पुढे काय झाले? आम्हाला वाटते, अंदलुसचा खरा शोकान्त महालात नाही, या साध्या घरांत घडला.

शरणागतीच्या करारात धर्म, भाषा आणि रीतिरिवाज यांना अभय दिले होते. ते दहा वर्षेही टिकले नाही. १४९९ पासून ग्रानाद्यात सक्तीचे बाप्तिस्मे सुरू झाले. १५०२ मध्ये कास्तीय राज्यातील मुसलमानांपुढे ख्रिस्ती व्हा किंवा देश सोडा, एवढेच दोन पर्याय ठेवले गेले. १५२६ पर्यंत आरागॉन आणि व्हॅलेन्सियातही तेच झाले. या नवख्रिस्ती लोकांना मोरिस्को म्हणत. कागदोपत्री ते ख्रिस्ती होते. मनात काय आहे हे कोण पाहणार? म्हणून धर्मन्यायालयाने, म्हणजे इन्क्विझिशनने, घरात पाहायला सुरुवात केली.

इथून भांडीकुंडी साक्षीदार झाली. स्वयंपाक डुकराच्या चरबीत होतो की जैतुनाच्या तेलात? कुसकुस खाताना घरची माणसे जमिनीवर बसून हाताने खातात का? शुक्रवारी धुतलेले कपडे घालतात का? शेजाऱ्याने एवढे सांगितले तरी चौकशी सुरू होई. ज्यू धर्मातून ख्रिस्ती झालेल्यांचीही हीच गत होती. शुक्रवारच्या संध्याकाळी दिवा लावला किंवा मेजावर स्वच्छ चादर घातली, तरी तो पुरावा ठरे. माणसाला अटक झाली की त्याची मालमत्ता जप्त होई आणि लेखनिक घरातील एकेक वस्तू लिहून काढी : गादी, चादर, घागर, कढई. ज्यांनी स्वतःबद्दल एक ओळही लिहून ठेवली नाही, अशा अनेकांचा संसार आज आम्हाला या जप्तीच्या याद्यांतूनच दिसतो.

१५६७ मध्ये दुसऱ्या फिलिप राजाचा फर्मान ग्रानाद्यात जाहीर झाला. अरबी बोलणे, लिहिणे, वाचणे बंद. हमामखाने बंद. मेंदी बंद. शुक्रवारी घराचे दार उघडे ठेवायचे. बायका डोक्यावरून जी पांढरी चादर घेत, तिला 'आल्मालाफा' म्हणत. मूळ अरबी शब्द 'मिल्हफा', आमचा 'लिहाफ' त्याच धातूचा. तीही बंद. शिवलेले रेशमी कपडे वापरून संपवायला एक वर्षाची आणि लोकरीच्या कपड्यांना दोन वर्षांची मुदत मिळाली.

या फर्मानाविरुद्ध फ्रान्सिस्को नुन्येस मुले नावाच्या एका वृद्ध मोरिस्को सरदाराने ग्रानाद्याच्या न्यायालयाचे अध्यक्ष पेद्रो दे देसा यांना निवेदन दिले. ते आजही उपलब्ध आहे. त्यांचा मुद्दा साधा आणि बिनतोड होता : हा पोशाख धर्माचा नाही, मुलुखाचा आहे. इजिप्त आणि सिरियातील ख्रिस्ती अरबी बोलतात, तरीही ते ख्रिस्तीच आहेत. मग अरबी बोलल्याने आम्ही ख्रिस्ती कसे नाही? हमाम अंग धुण्यासाठी असतो, त्यात धर्म कुठून आला? आणि गरीब बाईने घरातील कपडे टाकून नवे आणायचे ते कोणत्या पैशाने? देसांनी ऐकले नाही. १५६८ च्या डिसेंबरात आल्पुहारासच्या डोंगराळ भागात बंड पेटले, ते १५७१ पर्यंत चालले. ग्रानाद्याचे मोरिस्को घरादारातून उठवून कास्तीयच्या गावोगावी पांगवले गेले.

शेवटचा घाव १६०९ मध्ये पडला. व्हॅलेन्सियाच्या फर्मानात तीन दिवसांची मुदत होती, आणि अंगावर वाहून नेता येईल तेवढेच सामान नेण्याची मुभा होती. याच फर्मानात एक चमत्कारिक कलम होते. शंभर घरांमागे सहा कुटुंबे मागे ठेवावीत. त्यांनी घरे, उसाची गुऱ्हाळे, भातशेती आणि पाटबंधारे सांभाळावेत आणि नव्या वसाहतवाल्यांना ते शिकवावेत. म्हणजे माणूस नको होता, त्याच्या हातची कला हवी होती! १६१४ पर्यंत सुमारे ३ लाख माणसे देशाबाहेर काढली गेली. काही ट्युनिसियात पोहोचली. तिथले तेस्तूर गाव याच अंदलुसी निर्वासितांनी वसवले.

माणसे गेली, पण वस्तू आणि त्यांची नावे गेली नाहीत. स्पॅनिश माणूस आजही उशीला 'आल्मोआदा' म्हणतो. अरबीत 'खद्द' म्हणजे गाल. गाल टेकायची ती 'मिखद्दा'. आमच्या उर्दूतील 'गालतकिया' आठवावा. भिंतीतल्या फडताळाला तो 'आलासेना' म्हणतो. हा अरबी 'खिजाना', मराठीतला खजिना. तेलाच्या दिव्याला 'कान्दील' म्हणतो, आम्ही कंदील म्हणतो. व्हॅलेन्सियाच्या पारंपरिक पोशाखातील सैल विजारीच्या नावात सलवार दडलेली आहे. आणि शवपेटीला तो 'आताउद' म्हणतो, म्हणजे ताबूत. जन्मभर ज्याला मुसलमान संबोधून हिणवले, त्याचाच शब्द शेवटच्या प्रवासाला सोबत येतो!

सर्व्हांतेसला हे ठाऊक होते. १६१५ मध्ये, हकालपट्टी संपल्याच्या दुसऱ्याच वर्षी, निघालेल्या 'डॉन किहोते'च्या दुसऱ्या भागात नायक सांचोला समजावतो की 'आल'ने सुरू होणारे अनेक शब्द अरबी आहेत. त्याच भागात रिकोते नावाचा हद्दपार मोरिस्को पुरून ठेवलेले धन काढायला लपतछपत परत येतो.

बसण्याची रीतही टिकली. सधन ख्रिस्ती घरांत बायकांसाठी 'एस्त्रादो' नावाचा लाकडी चौथरा असे. त्यावर गालिचा आणि उशा, आणि बायका मांडी घालून बसत. मुसलमानी घरातील ही बैठक अठराव्या शतकापर्यंत चालली, समुद्रापलीकडे मेक्सिको आणि लिमापर्यंत गेली. जमिनीवर बसून जेवणाऱ्या मोरिस्कोची चौकशी होई आणि मोठ्या घरची सेन्योरा गालिच्यावर मांडी घालून चॉकलेट पिई. दोष बैठकीत नव्हताच, बसणाऱ्यात शोधला जात होता.

एकाच धर्माच्या वाट्याला हे आले असे कुणी समजू नये. आमच्या शेजारच्या गोव्यात पोर्तुगीज इन्क्विझिशनने १७३६ मध्ये काढलेल्या हुकुमात तुळस लावायला बंदी होती, आणि मीठ न घालता भात शिजवून मीठ वरून घेण्यालाही बंदी होती. सत्ता घरात शिरते तेव्हा ती आधी स्वयंपाकघरात शिरते.

१८८४ मध्ये सारागोसा प्रांतातील आल्मोनासिद दे ला सिएर्रा गावी एक जुने घर पाडताना खोट्या लाकडी तक्तपोशीखाली हस्तलिखितांचा साठा सापडला. पुष्कळशी पुस्तके अल्हामियादो होती, म्हणजे लिपी अरबी आणि भाषा स्पॅनिश. हे लोक आपला दीन आपल्या मुलुखाच्या भाषेत लिहीत होते. आम्ही मराठी मुसलमानांना हे वेगळे समजावून सांगायला नको. आमच्या घरात कुराणाची रेहल आणि जाते शेजारी-शेजारी राहिले आहेत. नुन्येस मुले यांना जे निवेदनात सिद्ध करावे लागले, ते आमच्या आजींनी न बोलता जगून दाखवले : पोशाख, पदार्थ आणि बोली मुलुखाची असते, ईमान मनाचे असते.

मोरिस्कोंच्या घरांच्या याद्या जप्ती करणाऱ्यांनी लिहिल्या. आमच्या घरांच्या याद्या आम्हीच लिहाव्यात. आजीच्या पेटीतले लुगडे, पानदान, तांब्याची देग, तिच्यावर कोरलेले नाव आणि या साऱ्यांना घरात वापरले जाणारे शब्द, एवढे जरी वहीत उतरवले तरी पुष्कळ होईल.