माणूस अचानक बिथरला तर थेट येरवडाच का? घराजवळ काय उपचार मिळतात, वाचा

चार रात्री झोप नाही, एकट्यानेच बडबड, घरचेच आपल्याला मारायला टपलेत असा संशय. घरात असं झालं की गावात दोनच सल्ले मिळतात: बाहेरचं बघून घ्या, नाहीतर येरवड्याला नेऊन टाका. मधली वाट फारशी कोणी सांगत नाही.

ती सुरू होते जिल्हा रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलमध्ये. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून तिथे मानसोपचाराची ओपीडी चालते. तालुक्याला पथक कधी येतं, ते आशाताईंना विचारा. ताप, डोक्याला मार, दारू एकदम बंद होणं, नुकतंच झालेलं बाळंतपण यातूनही माणूस असा वागतो. अशा वेळी थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

रुग्ण गोळ्या घेतोय आणि सोबतीला माणूस आहे, तर पुष्कळांवर घरी ठेवूनच उपचार होतात. गोळीने झोप लवकर लागते, पण भास आणि संशय जायला काही आठवडे लागतात. तिसऱ्याच दिवशी "काही फरक नाही" म्हणून औषध बंद केलं जातं, घोळ होतो तो इथे. देवाला जायचं तर खुशाल जा, गोळी मात्र चुकवू नका.

फवारणीची औषधं, कोयता, दोर कुलपात ठेवा. गोळ्याही एकानेच सांभाळाव्यात. रात्रीच्या जागरणाला पाळ्या लावा, सगळा भार घरच्या बाईवर नको. त्याला जे ऐकू येतं त्यावरून वाद घालू नका. "भीती वाटतेय ना, आम्ही इथंच आहोत" एवढं पुरे.

रात्री-अपरात्री अडलं तर टेली-मानसचा १४४१६ हा मोफत नंबर २४ तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

जीव देण्याची भाषा, अन्नपाणी बंद, दुसऱ्याला इजा होण्याची भीती असेल तर १०८ ला फोन करा. तेव्हाही ठाणे, येरवडा, नागपूर किंवा रत्नागिरीचं मनोरुग्णालय हाच एक पर्याय नसतो. सोय असेल तिथे सिव्हिलच्याच वॉर्डात थोडे दिवस ठेवतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार रुग्णाची संमती नसताना दाखल करायचं तर दोघा तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासावं लागतं, कमी बंधनाचा दुसरा उपाय उरलेला नसावा लागतो, आणि पहिल्या वेळी मुदत जास्तीत जास्त ३० दिवसांची. साखळीने बांधायला तर या कायद्याने सरळ बंदीच आहे.