खांबांमधल्या 25 जागा

मुंबईत दहिसर पूर्वेला आनंदनगरातल्या ‘पांचाली’ सोसायटीच्या इमारतीखाली, स्टिल्टमध्ये (खांबांवर उभ्या मोकळ्या तळमजल्यात), गाड्या लावायच्या 25 जागा होत्या. त्या कोणाच्या, हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. निकालपत्रांतल्या नोंदींवरून त्याचा क्रम लावता येतो.

दावा विकासकाचा, नहालचंद लालूचंद प्रायव्हेट लिमिटेडचा होता. या 25 जागांवरच्या आपल्या ताब्याला सोसायटीने अडथळा आणू नये, असा कायमचा मनाईहुकूम त्यांनी मागितला. आधार होता फ्लॅटविक्रीच्या करारनाम्यांचा आणि खरेदीदारांनी लिहून दिलेल्या हमीपत्रांचा. हमीपत्राचा आशय असा: नकाशात दाखवलेले स्टिल्टमधले व उघडे पार्किंग फक्त विकासकाचे आहे, त्याच्या विक्रीला माझी हरकत नाही. खाली खरेदीदाराची सही. वरवर पाहता विषय तिथेच संपायला हवा होता.

तसे झाले नाही. 4 एप्रिल 2007 रोजी शहर दिवाणी न्यायालयाने दावा फेटाळला. 25 एप्रिल 2008 रोजी उच्च न्यायालयाने अपीलही फेटाळले; ही हमीपत्रे खरेदीदारांवर बंधनकारक नाहीत आणि सोसायटीवरही नाहीत, असे ठरवले. 31 ऑगस्ट 2010 रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. आर. एम. लोढा व न्या. ए. के. पटनाईक यांनी त्यावर शिक्कामोर्तब केले.

सगळा वाद ‘गॅरेज’ या एका शब्दावर येऊन ठेपला होता. 1963 च्या मोफा, म्हणजे महाराष्ट्रातल्या मालकी फ्लॅटविषयीच्या कायद्यातल्या फ्लॅटच्या व्याख्येत गॅरेज येते. पण गॅरेज म्हणजे छत आणि तीन बाजूंना भिंती. स्टिल्टला भिंती कुठल्या? म्हणून ती जागा गॅरेज नाही, फ्लॅट नाही आणि विकासकाला विकताही येत नाही. ती इमारतीची सामाईक जागा. विकण्याचा जो हक्क कायद्यानेच दिला नाही, तो सहीने निर्माण होत नाही.

2016 च्या रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता (नियमन व विकास) कायद्यात गॅरेजची हीच व्याख्या आली आणि उघडे पार्किंग सामाईक ठरले. महाराष्ट्राच्या नियमांत मात्र आच्छादित पार्किंगचा वेगळा विचार आहे. त्यामुळे आपली इमारत कोणत्या कायद्याखाली उभी राहिली, हे आधी पाहावे.

जुना फ्लॅट ‘पार्किंगसह’ मिळतोय, असे कोणी म्हणाले तर बिल्डरच्या पावतीवर विसंबू नका. सोसायटीचे वाटपपत्र आणि सर्वसाधारण सभेचा ठराव मागा. टोकन त्यानंतरच द्या.