चित्रात बसलेले आणि चित्राबाहेर राहिलेले

अक्कलकोटच्या श्रोत्यांपुढे ‘गादी’ या शब्दाची फोड करून सांगण्याचे कारण नाही. येथील राजघराण्याचे मूळपुरुष फत्तेसिंह भोसले हे थोरल्या शाहू छत्रपतींचे मानसपुत्र. सातारच्या धन्याने हात धरला, म्हणून ही गादी झाली. एवढी खूणगाठ मनाशी बांधून आज आपण एका चित्राकडे पाहू.

१७९२ साली जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने पुण्यात सवाई माधवराव पेशव्यांचे तैलचित्र काढले. ते लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या संग्रही आहे. पेशवे बसलेले आहेत, शेजारी नाना फडणीस, मागे सेवक उभे. धनी कोण आणि चाकर कोण, हे पाहताक्षणीच कळल्यासारखे वाटते. पण इतिहासाच्या वाचकाने नेमके येथेच थबकावे.

पेशव्यांचे वय तेव्हा १८, नानांचे ५०. तान्हेपणीच, १७७४ साली, पेशवाईची वस्त्रे मिळालेल्या या मुलाच्या नावाने राज्य चालवीत होते ते नाना. मग चित्र खोटे म्हणावयाचे काय? मुळीच नाही. दरबारी चित्र सत्ता दाखवीत नाही. ते मान दाखविते. मात्र सेवक उभे असता नाना बसलेले आहेत, एवढ्या एका गोष्टीत सत्ताही डोकावून जाते.

आणि चित्रात जो नाही, त्याचे काय? पेशवा हा छत्रपतींचा प्रधान. त्या वेळी सातारच्या गादीवर दुसरे शाहू छत्रपती होते. वेल्सला पाठबळ होते पुण्यातील इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट यांचे, आणि इंग्रजांचे तहनामे होत ते पुण्याशी. चित्रकाराचा कुंचला तेथेच रमला, यात नवल नाही.

परंतु ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव शनिवारवाड्यात पडून दगावले. वारसाचा तंटा पेटला. १७९६ साली प्रथम चिमाजी आप्पांसाठी आणि मग दुसऱ्या बाजीरावांसाठी वस्त्रे आणावी लागली, ती साताऱ्याहूनच! चित्रात ज्यांना जागा नव्हती, त्यांच्यावाचून पेशव्याची गादी सिद्ध होत नव्हती.

म्हणून राजवाड्यातील असो, शाळा-कचेरीतील असो, थोर पुरुषाच्या तसबिरीला नमस्कार अवश्य करावा. पण लगेच पाठ फिरवू नये. कोण बसले आहे, कोणाला बसू दिले आहे आणि कोणाला वगळले आहे, हे तिला विचारावे. तसबीर बोलते; ऐकणाराच बहुधा घाईत असतो.